गैरअर्जदार क्रमांक तीन

महिला आयोगाच्या सुनावणीला अर्जदार आणि गैरअर्जदार एकाच गाडीतून जातील, असं कुणी ठरवलं नव्हतं. ते अहमदभाईंनी परस्पर करून टाकलं.

"तुमी सांगितलं अलिबाग, राहीनं सांगितलं अलिबाग," बोर्लीहून गाडी घेऊन आलेले अहमदभाई म्हणाले. "दिवस तोच, टाइम तोच. मी म्हटलं, एका घरची मान्सं, दोन गाड्या कशाला?"

धर्माजी मधल्या सीटवर जाऊन बसले. पंधरा ऑगस्टला घालतात तो सदरा त्यांनी घातला होता. माळकोंडच्या तंटामुक्त समितीचे ते अध्यक्ष होते आणि लोकांनी वारंवार निवडून दिल्यामुळे आता गावात त्यांना 'अध्यक्ष' म्हणूनच हाक मारत. आयोगाच्या नोटिशीत मात्र ते गैरअर्जदार क्रमांक दोन होते. क्रमांक एक त्यांचा धाकटा मुलगा गणराज. क्रमांक तीन त्यांची बायको नीराबाई.

अर्जदार त्यांची थोरली सून राही.

प्रकरण दोन खोल्यांचं होतं. थोरल्या हर्षदनं लग्नानंतर घराच्या मागच्या अंगाला त्या स्वतः बांधल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी कामावरून आल्यावर त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. राही आणि तिची मुलगी पूनम त्याच खोल्यांत राहत राहिल्या. मार्गशीर्षात राहीची आई कमळ पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून राही पूनमला घेऊन माहेरी गेली. आई चालायला लागल्यावर परत आली तेव्हा खोल्यांना नवं कुलूप होतं. आत एसी बसला होता आणि बाहेर 'सागरलहर होम स्टे' अशी पाटी लागली होती. समुद्र तिथून गाडीनं बराच लांब होता.

"वहिनी, आता मे महिन्यापर्यंत बुकिंग हाय," गणराज तेव्हा अंगणात उभा राहून म्हणाला होता, जणू तीही पर्यटकच होती.

पूनमची दहावीची पुस्तकं आत होती. तिनं परीक्षा मैत्रिणींच्या वह्यांवर दिली.

राही पोलीस ठाण्यात गेली. तिथं सांगितलं, घरगुती आहे, घरात मिटवा. मग ती गावच्या तंटामुक्त समितीकडे गेली, म्हणजे सासऱ्यांकडेच. शेवटी तिनं आयोगाला अर्ज केला.

दिघीच्या अलीकडे, राहीच्या माहेरच्या वाडीवर गाडी थांबली. राही दारातच उभी होती. ती गाडीत चढली आणि सवयीनं वाकून सासऱ्यांच्या पायाला हात लावला.

"सुखी रहा," धर्माजी म्हणाले. तेही सवयीनंच. मग पुढच्या सीटवरून गणराजनं वळून पाहिलं, तेव्हा त्यांना वाटलं, हे नोटिशीच्या विरुद्ध तर गेलं नाही ना.

मागे नीराबाई आणि गणराजची बायको सुचिता होत्या; तिथंच एक जागा मोकळी होती. राही सासूच्या शेजारी बसली. नीराबाईंनी पदर आवरून घेतला आणि खिडकीकडे सरकल्या. दिघीच्या जेट्टीपर्यंत फक्त अहमदभाई आंब्याबद्दल बोलत होते.

*

फेरीबोटीवर गाडी चढली की माणसं खाली उतरून कठड्याशी उभी राहतात. गणराज आणि धर्माजी एका बाजूला गेले. नीराबाई गाडीतच बसल्या, त्यांना पाण्याकडे बघितलं की चक्कर येते. सुचिता क्षणभर घुटमळली आणि दुसऱ्या बाजूला, राहीजवळ जाऊन उभी राहिली.

सुचिताला एक गोष्ट नोटीस आल्यापासून टोचत होती. तिनं ती कुणाला सांगितली नव्हती, कारण ऐकणाऱ्यानं तिला वेड्यात काढलं असतं.

"वहिनी, एक विचारू?"

"विचार."

"माझं नाव कसं घातलं नाही तुमी?"

राहीनं तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती.

"तुझं काय नाव घालायचं?"

"आईंचं घातलंव ना. आई तर त्या दिवशी शेतावर होत्या. कुलूप मी आणलं बोर्लीवरून. यांनी सांगितलं म्हणून, पण आणलं मी."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मी अर्ज लिहायला बसले तेव्हा वाटलं, तुझ्यावर पण उद्या हीच वेळ आली तर तुझं नाव आधीच तिकडं नको."

सुचिता कठड्याला धरून उभी राहिली. तिला राग यायला हवा होता असं वाटलं. तो आला नाही. आगरदांड्याचा धक्का जवळ आल्यावर ती म्हणाली, "जेवणाचं माझ्यानं होत न्हाय हो. पाहुण्यांना आईंच्या हातचं पाहिजे. त्यांनी तांदळाची भाकरी थापली की फोटो काढतात. मी थापली की फक्त खातात."

"पाणी कडकडीत घेत जा," राही म्हणाली. "उकड चांगली निघते."

समोरून गणराजनं हाक मारली आणि सुचिता गेली.

*

अलिबागच्या सभागृहात पंखे चालू होते आणि जिल्हाभरातल्या बायका भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून होत्या. कुणाबरोबर भाऊ, कुणाबरोबर आई, कुणी एकटीच. पुढे टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाशी आयोगाच्या एक बाई, एक वकील, एक पोलीस आणि लिहून घेणारं कुणीतरी. नावाचा पुकारा झाला की त्या घरातली सगळी माणसं उठून टेबलाशी जात आणि आपलं घर तिथं मांडत. शेजारच्या टेबलावरचं सगळं ऐकू येई. त्यामुळे कुणालाच आपलं फार वेगळं वाटेना.

नीराबाईंना हे आवडलं नाही. आवडलं नाही म्हणजे, त्यांना ऐकत राहावंसं वाटत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

त्यांचा पुकारा जेवणाच्या सुमाराला झाला. टेबलामागच्या बाई चष्मा लावलेल्या, आवाज बसलेल्या. सकाळपासून त्या बोलतच होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि गणराजला विचारलं, "खोलीला कुलूप का लावलं?"

"वहिनी स्वतःहून माहेरी गेल्या, मॅडम."

"आई आजारी होती म्हणून गेल्या. कुलूप का लावलं?"

"उंदीर फार झाले होते."

"उंदरांसाठी कुलूप?"

 पोलीस अधिकारी खोकला.

"आणि आता आत कोण राहतं?"

"गेस्ट."

धर्माजींनी इथं बोलणं आवश्यक समजलं. "मॅडम, मी गावच्या तंटामुक्त समितीचा अध्यक्ष हाय."

"बरं. मग हा तंटा तुमच्या समितीपुढे आला होता?"

"आला होता ना."

"काय निर्णय झाला?"

"अर्जदार बैठकीला गैरहजर राहिल्यामुळे अर्ज दप्तरी दाखल केला."

"त्यांना बोलावणं धाडलं होतं?"

धर्माजींना प्रश्नच समजला नाही. "घरातलीच सून. तिला काय बोलावणं धाडायचं?"

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. राहीला विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

राहीनं आठवडाभर उत्तर तयार केलं होतं. त्यात हर्षद होता, पूनम होती, आडनाव होतं. ऐनवेळी तिच्या तोंडून एवढंच आलं, "मला माझ्या घरात राहायचंय."

"आई, तुमचं काय म्हणणं?"

नीराबाईंना कळायला वेळ लागला की हे त्यांना विचारलंय. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बाईंनी ते पाहिलं आणि धर्माजी आणि गणराजला थोडं बाहेर थांबायला सांगितलं. अध्यक्ष उठले. एवढ्या वर्षांत बैठकीतून लोकांना बाहेर थांबायला सांगायचं काम त्यांचं होतं.

"आता सांगा, आई. सुनेला घरात घ्यायला तुमची तयारी आहे?"

राही समोरच बसली होती. तिनं मान वर केली नाही. नीराबाईंच्या मनात बरंच काही आलं. हर्षद गेल्यावर आपण जेवत नव्हतो तेव्हा ही पोर ताट घेऊन बाजूला बसायची. पूनम शाळेतून आली की आधी चुलीशी यायची. आता चुलीशी पुण्याचे लोक येतात आणि विचारतात, आजी, हे काय घातलंय?  पण असं कधी कुणी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे उत्तर कुठून काढायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

"मी काय सांगू? ते म्हनतील तसं," त्या म्हणाल्या.

"ते नाही. तुम्ही."

"त्यांनाच इचारा."

बाईंनी घड्याळ पाहिलं. मागे रांग होती. त्यांनी लिहून घेणारीला सांगितलं, आणि तिनं लिहिलेलं नियमाप्रमाणे वाचून दाखवलं: "गैरअर्जदार क्रमांक तीन यांचे स्वतंत्र म्हणणे नाही. बरोबर आहे ना आजी? मग इथं सही करा."

सही नीराबाई बचत गटात शिकल्या होत्या. त्यांनी ती नीट, सावकाश केली.

पुरुषांना आत बोलावलं. बाईंनी गणराजला कायदा सांगितला: लग्न होऊन बाई ज्या घरात राहिली, तिथून तिला असं बाहेर काढता येत नाही, घर कुणाच्याही नावावर असो. गणराज घाबरला. आठ दिवसांत खोल्या उघडून देतो असं त्यानं लिहून दिलं.

"नाही दिल्या तर?" राहीनं विचारलं. "तुम्ही येऊन कुलूप तोडाल?"

टेबलाशी सगळेच तिच्याकडे बघायला लागले. बाईंनी मात्र सरळ उत्तर दिलं.

"नाही. आयोगाला ते अधिकार नाहीत. आम्ही बोलावू शकतो, विचारू शकतो, शिफारस करू शकतो. हुकूम मॅजिस्ट्रेट देतात. संरक्षण अधिकारी तुमचा अर्ज कोर्टात घालतील, त्याला वेळ लागेल. तोपर्यंत पोलिसांना आमचं पत्र जाईल."

गणराज खुर्चीत जरा मोकळा होऊन बसला. राहीला ते दिसलं.

*

परतीच्या वाटेवर मुरूड मागे पडेपर्यंत गणराजचा आवाज परत आला होता.

"बघितलंव ना बाबा? शिफारस. नुसती शिफारस. म्हंजे आपण मानली तर मानली."

"लिहून दिलायस तू," धर्माजी म्हणाले.

"लिहून दिलं म्हणून काय झालं? मे महिना तर जाऊ दे."

राही मागे बसून ऐकत होती. तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. सकाळी निघताना पूनमला तिनं सांगितलं होतं, आज मिटेल. आता घरी जाऊन सांगायचं, बाई चांगल्या होत्या. खूप चांगल्या होत्या. त्यांच्याकडे किल्ली नव्हती.

फेरीतून दिघीला उतरल्यावर वाडी आली. अहमदभाईंनी गाडी थांबवली. राही उतरली. तिच्या मागोमाग नीराबाई उतरायला लागल्या.

"अगं, आपलं गाव न्हाय आलं," धर्माजी म्हणाले.

"म्हाईत हाय मला."

"मग उतरतेस कशाला?"

"विहीणबायचा पाय मोडलान. मी बघायला पन आले न्हाय."

"ते नंतर बघ की. मी आणीन कधीतरी."

नीराबाई उतरून रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चपला नीट घातल्या.

"मी हिथं ऱ्हाते," त्या म्हणाल्या. "तुमी जावा."

"किती दिवस?"

नीराबाई दाराकडे चालू लागल्या. धर्माजींनी गणराजकडे पाहिलं, गणराजनं अहमदभाईंकडे. अहमदभाई काच पुसायला लागले. सुचिता मागच्या सीटवर एकटीच होती. ती म्हणाली, "उद्या चार माणसं येणार हायेत जेवायला," आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

कमळ दारात काठी टेकून उभी होती. विहिणीला बघून ती आधी घाबरली. मग तिनं पाण्याचा तांब्या आणायला पूनमला हाक मारली. पूनम तांब्या घेऊन आली आणि आजीला बघून उंबऱ्यातच थांबली.

"बारीक झालीस गं," नीराबाई म्हणाल्या, आणि सुनावणीत आलं नव्हतं ते रडू त्यांना तिथं आलं.

*

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. दरम्यान काय काय झालं होतं ते त्यांच्या सदऱ्यावरून कळत होतं. तो धुतलेला होता, पण वाळत नीट घातलेला नव्हता.

चार पाहुण्यांनी सुचिताच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या, आणि संध्याकाळी बोर्लीला जाऊन पुन्हा जेवून आले होते. गावात दोघा-तिघांनी सहज विचारलं होतं, "काय अध्यक्ष, काकी कुठं?" पोलीस ठाण्यातून फोन आला होता की आयोगाचं पत्र आलंय, खोल्या उघडल्या का. गणराजनं "उघडतो साहेब" असं सांगून फोन ठेवला होता. रात्री सुचितानं त्याला विचारलं होतं, "उद्या तुमी न्हाय ऱ्हायलात तर मी कुठल्या खोलीत राहू ते आताच सांगा." त्यावर तो ओसरीवर जाऊन झोपला होता.

कमळनं अध्यक्षांना खुर्ची दिली. ते बसले. राही आत चहा ठेवायला गेली आणि तिथूनच ऐकत उभी राहिली.

"चल घरी," धर्माजी म्हणाले.

"खोली उघडली?"

"अगं, आयोगाला अधिकारच न्हाय. तू ऐकलंस ना? ती बाई स्वतः म्हणाली."

"ऐकलं. माझ्याबद्दल काय म्हणाली ते पन ऐकलं."

"तुझ्याबद्दल काय?"

"माझं म्हननंच न्हाय म्हणून. लिहिलं आणि सही घेतली. खोटं न्हाय लिहिलं तिनं. मीच बोलले न्हाय." नीराबाई सुपातले तांदूळ निवडत होत्या; त्यांनी हात थांबवला नाही. "आता बोलते. राही आणि पूनम त्यांच्या खोलीत गेल्या की मी माझ्या घरात येईन. आधी न्हाय."

"आणि गणराजचं काय? त्याचा धंदा?"

"त्याच्या खोल्या देऊ दे भाड्यानं. तो आणि सुचिता ओसरीवर झोपतील. हवा चांगली येते, पाहुण्यांना तोच सांगतो ना."

धर्माजींनी समितीत पुष्कळ तंटे मिटवले होते. दोन्ही बाजू ऐकायच्या, वडीलकीनं समजूत घालायची, नारळ द्यायचा. इथं दुसरी बाजू त्यांचीच होती.  पूनमनं चहा आणला, तो ते प्याले. शेवटी आत वळून म्हणाले, "राही, सामान काय हाय तुझं? अहमदला फोन लावतो."

राहीनं हातातलं चहाचं पातेलं खाली ठेवलं. कपड्यांची पिशवी घेऊनच ती बाहेर आली.

*

खोल्या उघडल्या तेव्हा गणराज बाजारात गेला होता. पाहुणे सकाळीच गेले होते. हर्षदचा फोटो माळ्यावर सापडला, पूनमची पुस्तकं भाताच्या कणगीमागे. एसी तसाच राहिला. काढायला माणूस यायचा होता, तो पुढे आलाच नाही. पाटी सुचितानं उतरवली आणि पुढच्या दाराला लावली. गणराज राहीशी बोलत नव्हता. पण जेवायला एकाच पंगतीला बसत होता, त्यामुळे मीठ हवं असलं की त्याला आधी आईला सांगावं लागे, आई राहीला सांगे.

त्या महिन्याच्या समितीच्या अहवालात अध्यक्षांनी 'सामोपचाराने मिटलेले तंटे' या मथळ्याखाली एकाची भर घातली. पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं येऊन अंगणातून पाहून घेतलं आणि 'पोलिसांच्या मध्यस्थीने' असं लिहून नेलं. गावात काहीजण म्हणत, आयोगाच्या दणक्यानं झालं. नीराबाईंना कुणी विचारलं नाही. आता कुणी विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं.

मग एका दुपारी अलिबागहून संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. राही मागच्या दारी पापड वाळत घालत होती.

"खोल्यांचा ताबा मिळाला का?"

"मिळाला, मॅडम."

"छान. त्रास काही?"

"बोलत न्हाईत भावजी. त्याला त्रास म्हणता येईल का माहीत न्हाय."

"तो आमच्या रकान्यात नाही," बाई म्हणाल्या. त्या चांगल्या मूडमध्ये होत्या. ताबा मिळाल्याचं त्यांना फोनवर फारसं ऐकायला मिळत नसावं. "मग तुमचा कोर्टाचा अर्ज मागे घ्यायचा ना? आणि आयोगाकडेही प्रकरण निकाली निघालं म्हणून कळवते. तुमची संमती सांगा."

पुढच्या अंगणात गणराज फोनवर कुणा पाहुण्याशी बोलत होता. आवाज इथपर्यंत येत होता. "सध्या दोनच रूम आहेत, सर. मागच्या दोन? हो, आहेत ना. दिवाळीपर्यंत बघतो काहीतरी. तुम्ही फोन करा."

राहीनं हातातला पापड पसरला, कडा सरळ केल्या.

"न्हाय मॅडम. दोन्ही चालू राहू द्या."

"अहो, पण ताबा मिळालाय ना तुम्हाला?"

"मिळालाय."

"मग प्रकरण चालू ठेवण्याचं कारण काय लिहू?"

आतून नीराबाईंनी विचारलं, कुणाचा फोन. राहीनं हातानं थांबा म्हणून खूण केली.

"लिहा," ती म्हणाली, "अर्जदार घरात राहते आहे."

"हे कारण कसं होईल?"

"तेच कारण हाय, मॅडम. मी बाहेर होते तेव्हा त्यांना घाई नव्हती. आता दिवाळीच्या आत मला बाहेर काढायची घाई हाय."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज यायला लागला.